डोलीत बसलेला माणूस

वर्षातून एकदा मला राग येतो असं मी म्हटलं तर ओळखीचे लोक हसतील. त्यांच्या मते तो मला वर्षभर येतो. पण त्या सगळ्या रागांत एक राग वेगळा आहे. तो भाताबरोबर पिकतो. दसरा उलटला की मी मुंबईहून रजा काढते, वीर स्टेशनात उतरते, आणि महाडच्या रिक्षात बसायच्या आधीच नाकात तो वास शिरतो. कापून पसरलेल्या भाताचा, वरून वाळलेल्या आणि खालून अजून ओल्या. बाकीच्यांना त्या वासानं नवे पोहे आठवतात. मला एक माणूस आठवतो, आणि त्याचं वाईट व्हावं असं मनापासून वाटतं.

यंदाही वाटलं. दोन्ही बाजूंना खाचरं पिवळी झालेली, काही कापून मोकळी, त्यांत बगळे. महाडला एस.टी. पकडली. सावित्री खाली गेली होती, पुलावरून तिचे दगड दिसत होते. पोलादपूर येईपर्यंत मी मनात जुनीच वाक्यं घासत बसले, कापणीच्या आदल्या संध्याकाळी विळे घासत बसतात तशी. धार गेली नव्हती. काही विळे वापरले नाहीत तरी गंजत नाहीत.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, घाटाच्या पायथ्याशी. डांबरी रस्ता साकवापर्यंत येतो. साकव म्हणजे ओढ्यावरचा माणसापुरता पूल. त्याच्या पुढं चढ, आणि चढावर आमची घरं आणि खाचरं. वाडीत कुणी आजारी पडलं की अजूनही खुर्चीला दोन बांबू बांधून डोली करतात आणि चौघं जण खांद्यावरून साकवापर्यंत उतरवतात. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. ज्याला चालवत नाही त्याला उचलायचं, एवढंच.

माझे वडील, ज्यांना सगळी वाडी अण्णा म्हणते, इथले शेतकरी. आई महाडची, ख्रिस्ती घरातली. दोघं भेटली कशी हे दोघांनी मला दोन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं आहे, म्हणून मी त्यात पडत नाही. लग्नानंतर कुणी कुणाचा धर्म बदलला नाही. गणपतीत आई मोदक वळायची आणि नंतर माजघराच्या कोपऱ्यात आपली प्रार्थना करायची. माझी काकी तिला म्हणायची, "तुझा देव दिसत नाय, आमचा दिसतो. दोघं मिळून घर सांभाळतील."

आईनं माहेरून एक पत्र्याची पेटी आणली होती. वर एक साडी आणि खाली सगळी पत्रकं. तिचे वडील आयुष्यभर महाडच्या एस.टी. स्टँडवर पत्रकं वाटत उभे राहिले होते. गुलाबी, पिवळी, हिरवी. कडेनं वाळवीनं खाल्लेली. शाळेत अंकलिपी हातात येण्याआधी मी त्या पत्रकांवर वाचायला शिकले. 'घर' आणि 'झाड' यांच्याआधी मला 'तारण' आणि 'कृपा' लिहिता येत होतं. माझ्या लिहिण्याला लोक आक्रस्ताळं म्हणतात, त्याचं मूळ त्या पेटीत आहे. पत्रक लिहिणाऱ्याला वेळ नसतो. एस.टी. सुटायच्या आत माणसाला गाठायचं असतं.

त्या गठ्ठ्यात एक पत्रक आजोबांनी स्वतः लिहून छापून घेतलेलं होतं. वर चित्र: चढणीची वाट, चौघांच्या खांद्यावर डोली, डोलीत एक माणूस. चित्र काढणारा हौशी असावा, कारण डोलीतल्या माणसाला तोंडच नव्हतं, नुसता गोल. खाली आजोबांचा मजकूर. माणूस आपल्या सत्कर्मांनी तरत नाही, ख्रिस्तावरच्या विश्वासानं तरतो, हे त्यांना सांगायचं होतं. ते त्यांनी आमच्या भागातल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं होतं. डोलीतून पाय टेकू नको. फांदी धरू नको. तू मदत करायला जातोस आणि डोली कलते. ज्यानं उचललं त्याच्यावर विसंब. काही करू नको. बसून राहा.

मला ते पटायचं नाही. कापणीत आईच्या मागं मूठमूठ भात गोळा करत मी तिला विचारलं होतं, मग चांगलं वागायचंच नाही का. ती न थांबता कापत राहिली. विळ्याचा करकर आवाज आणि तिचं बोलणं एकाच लयीत यायचं. म्हणाली, "खाली उतरवल्यावर माणूस उचलणाऱ्यांना चहा देतोच. पण चहाच्या बोलीवर त्याला कुणी उचललेलं नसतं."

ती मी नववीत असताना गेली. ऐन कापणीत, तापानं, आठवडाभरात. अर्धं शेत उभं, अर्धं आडवं. तिची एकच इच्छा होती, महाडच्या कबरस्तानात वडिलांशेजारी जागा मिळावी. अण्णा मला घेऊन महाडला गेले.

तिथल्या मंडळीचे मुख्य पंच भाऊसाहेब. मंडळी म्हणजे चर्चची माणसं, मूठभर घरं. भाऊसाहेबांची भातगिरण होती. चर्चची कौलं त्यांची, बाकं त्यांची, पंखे त्यांचे. बाकांच्या पाठीवर 'यांजकडून सप्रेम भेट' आणि पुढं त्यांचं नाव. पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा. पंखा फिरला की नाव दिसायचं नाही, लाइट गेली की दिसायचं. त्यामुळं लाइट गेल्यावर सगळं चर्च घामानं निथळायचं आणि भाऊसाहेब तेवढे प्रसन्न असायचे, असं आई सांगायची आणि हसायची.

ते ओटीवर बसले होते. अण्णा अंगणात उभे राहिले, टोपी हातात घेऊन. कोणी बसा म्हटलं नाही. बाई बाहेर लग्न करून गेली, भाऊसाहेब म्हणाले, उपासनेला किती वेळा आली, मंडळीच्या कुठल्या कामाला उभी राहिली. मग ते वाक्य आलं, जे मी आजवर मिठात घालून ठेवलं आहे.

"कबरस्तानात जागा थोडी आहे. ज्यांनी मंडळीसाठी केलं, त्यांची ती आहे. तिनं काय केलं?"

अण्णांनी हातातली टोपी फिरवली. शेवटी हळूच म्हणाले, "भात पाठवायची."

पाठवायची. चर्चमध्ये दरवर्षी हंगामाचा सण असतो. पहिल्या पिकातलं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवायचं, आणि उपासना झाली की त्याचा लिलाव. कुणाचा भोपळा, कुणाची अंडी, कुणाचा बांधलेला कोंबडा. आई कधी जायची नाही, पण आमच्या पहिल्या भाताचे तांदूळ अण्णांच्या हाती न चुकता धाडायची. आणि ते तांदूळ दरवर्षी सगळ्यांत वरची बोली लावून कोण न्यायचं, तर भाऊसाहेब. त्यांनी ते खाल्ले होते. तेच आता म्हणाले, "भात काय, सगळेच देतात," आणि उठून आत गेले.

परतीच्या एस.टी.त अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांच्याकडं बघत होते. त्या दिवशी माझ्या पोटात काहीतरी पेरलं गेलं.

आईला आमच्या बांधावर पुरलं. वाडीतल्या एकदोघांनी कुरकुर केली, आपल्यात जाळतात म्हणून. काकीनं त्यांना गप्प केलं. लहान पोरांना पुरतोच की आपण, म्हणाली, ही पण आमच्याकडं पोर म्हणूनच आली होती. शेजारच्यांनी वाट करून द्यायला आपलं भात घाईघाईनं कापलं, अजून हिरवट होतं तरी. खड्डा काकांनी खणला. त्यांनी आयुष्यात कधी कबर खणली नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या रीतीप्रमाणं केलं आणि तिचे पाय दक्षिणेला ठेवले. माती पडल्यावर मला आठवलं की ख्रिस्ती माणसाचे पाय पूर्वेला ठेवतात, शेवटच्या दिवशी उठताना तोंड उगवतीकडं असावं म्हणून. सांगितलं असतं तर काकांनी सगळी माती परत काढली असती. मी सांगितलं नाही. उठेल तेव्हा मान वळवेल. आयुष्यभर आमच्याशी जमवून घेतलं, तेवढं जमवून घेईल.

तेव्हापासून आम्ही तो तुकडा सोडून लावणी करतो आणि तो तुकडा वळसा घालून कापणी करतो. काकी पहिली मूठ तिथं ठेवते. तिला पत्रकं माहीत नाहीत, लिलाव माहीत नाही. पहिली मूठ ठेवायची असते, म्हणून ठेवते.

महाडला कॉलेजात गेल्यावर मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. आजोबांच्याच आकाराचं, गुलाबी कागदावर. हंगामाच्या सणाच्या दिवशी चर्चच्या दारात उभी राहून वाटलं. त्यात लिहिलं होतं की कृपा फुकट असते, आणि ज्यांना ती विकत घ्यायची सवय लागली आहे त्यांनी पंख्यांवरची आपली नावं खरवडून काढावीत, कारण वर गेल्यावर कुणी पंखे मोजत नाही. कौलांच्या, बाकांच्या आणि लिलावातल्या बोलींच्या चळतीवर चढून स्वर्गाच्या कडीला हात पोचत नाही, असंही होतं. भाऊसाहेबांनी ते उभ्यानं वाचलं, चार घड्या घातल्या, खिशात ठेवलं आणि आत जाऊन आपल्या पंख्याखाली बसले. ते पत्रक मी आजही परत छापीन. फक्त टाइप मोठा घेईन.

त्या शिकवणुकीवर माझं प्रेम होतं ते असं. विळ्यावर असतं तसं. 'कर्मांनी नाही' हे शब्द मी जेव्हा जेव्हा म्हणायची, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं त्यांची कर्मं असायची, एकेक करून तुटून पडताना.

खळ्यावर झोडणी चालली होती तेव्हा मी अण्णांना ते पत्रक वाचून दाखवलं. पेंढी दगडावर आपटायची, दाणे उडायचे, धुरळा तोंडात. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे चांगल्या कामानं मानूस सुटत नाय."

"नाही."

"मग वाईट कामानं तरी कसा अडकल? तो पण विश्वास ठेवील नि सुटंल. फुकट हाय ना?"

मी म्हटलं, तसं नसतं. अण्णा म्हणाले, तुझ्याच कागदावर हाय. आणि पुढची पेंढी उचलली.

त्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. धर्मशास्त्राच्या पुस्तकांत त्याला उत्तरं आहेत, आणि ती सगळी भाऊसाहेबांच्या फायद्याची आहेत. कृपेचं हेच तर दुखणं आहे. न्याय असता तर मी बाकावर बसून मजा बघितली असती. कृपेत तशी सोय नाही. डोलीत बसायला लायकी लागत नाही म्हटल्यावर डोलीत कोण बसतं हे मला ठरवता येत नाही. आणखी वाईट म्हणजे मी स्वतः कशावर उभी आहे, तर माझ्या पत्रकांवर, माझ्या ताठ मानेवर, आईसाठी मी धरलेल्या रागावर. हीही कर्मंच. हीही कुणीतरी एक दिवस खरवडून काढणार.

हे मला कळतं. कळून राग जात नाही.

मधल्या वर्षांत पूर आला आणि महाडच्या बाजारात गाळ भरला. भाऊसाहेबांची गिरण गेली. मी मैत्रिणीच्या घरातला चिखल उपसत होते तेव्हा ते कळलं, आणि गुडघाभर चिखलात उभी राहून मला आनंद झाला. मैत्रिणीचंही सगळं गेलं होतं, पूर पत्ता बघून येत नाही, हे समोर दिसत होतं. तरी झाला. पुढं त्यांना अर्धांगवायू झाला असं ऐकलं. मुलं मुंबईला. तेव्हा आनंद झाला नाही, पण वाईटही वाटलं नाही.

यंदा कापणी अर्ध्यावर होती. दुपार. घाटाच्या कड्यावर ढग जमायला लागले होते आणि काकी सारखी वर बघत होती. माझ्या चुलतभावाचा फोन वाजला. खाली साकवाशी महाडची रिक्षा उभी आहे, आत एक म्हातारा आहे, त्याला वर यायचंय, पाय चालत नाय. कोण, ते भावानं विचारलं नव्हतं. आजारी माणूस खाली ठेवायचा कसा, म्हणून चौघं पोरं खुर्ची आणि बांबू घेऊन उतरली.

मी विळा हातात घेऊन बांधावर उभी होते. वळणावरून आधी बांबू दिसले, मग खांदे, मग डोली. पेटीतलं चित्र जसंच्या तसं चढ चढून येत होतं. इतकी वर्षं त्या चित्रातल्या माणसाला तोंड नव्हतं. मी तिथं कधी आजोबांना बसवलं होतं, कधी आईला, बऱ्याचदा स्वतःला. आता त्याला तोंड आलं, आणि ते हे होतं.

त्यांना आईच्या तुकड्याजवळ टेकवलं. अर्धा चेहरा खाली ओघळलेला, पण सदरा इस्त्रीचा. अण्णा ओळखून पुढं आले आणि त्यांनी टोपी काढली नाही. एवढंच, पण मी ते पाहिलं.

भाऊसाहेब इकडचं तिकडचं बोलले नाहीत. म्हणाले, दगड बसवून देतो. संगमरवरी. नाव, वचन, सगळं कोरून.

"आणि खाली?" मी विचारलं.

त्यांनी सदऱ्याची कड सरळ केली. "खाली बारीक अक्षरात," म्हणाले.

माझे चुलतभाऊ हसले. मीही हसले असते. मी नको म्हटलं. मग ते म्हणाले, नुसताच दगड, खाली काही नको. तरी मी नको म्हटलं. मग कुंपण. नको. मग त्यांनी राखून ठेवलेली गोष्ट काढली. पंचांना सांगतो, म्हणाले, तिला महाडला नेऊ. तिच्या वडिलांशेजारची जागा अजून मोकळी आहे.

तिला तेच हवं होतं. ती जागा इतकी वर्षं मोकळी होती, आणि तरी त्या दिवशी ती थोडी होती. मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा जमिनीकडं बघत होते. मग म्हणाले, "आता ती हितं रुळली, भाऊसाहेब. उठवायची नाय."

"मग मी करू काय?" त्यांचा आवाज चढला. तोंडाच्या एकाच बाजूनं येत होता. "सांग तू. काय करू?"

या प्रश्नाची मी नववीपासून वाट बघत होते. उत्तर तयार होतं, घासून ठेवलेलं.

"काहीच नाही," मी म्हटलं. "तुम्हाला काही करता येणार नाही. आता नाही, पुढंही नाही. तुमच्याजवळ असं काहीच नाही की जे दिल्यानं हे फिटेल."

मी ते शिक्षा म्हणून म्हटलं. त्यात दयेचा कण नव्हता, आणि होता असं आता सांगणं खोटं ठरेल. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांचा धडका हात मांडीवर पडला, तळवा वर, आणि तसाच राहिला. मार लागावा तसे ते मागं टेकले. मला बरं वाटायला हवं होतं. मी वाट बघितली.

तेवढ्यात काकी नवे पोहे आणि चहा घेऊन आली. भाऊसाहेबांचा हात सवयीनं खिशाकडं गेला. काकी म्हणाली, "गिरण हाय काय ही? खावा." त्यांनी खाल्लं. तिनं त्यांच्या हनुवटीवरचा पोहा पदरानं पुसला, आपल्या माणसाचा पुसावा तसा. तिला सगळं माहीत होतं. मला तिचाही राग आला.

मग कड्यावर गडगडलं. कापलेलं भात सगळं उघड्यावर पडलेलं. एका पावसात ते काळं पडतं, दाणा मोडतो. वाडी एकदम पळायला लागली. डोली आणणाऱ्यांतले दोघं आपापल्या खाचरांकडं गेले आणि म्हातारा तिथंच राहिला. भिजला तर मरेल, असं काकी म्हणाली. अण्णांनी एक बांबू धरला. माझे दोन भाऊ मागं लागले. एक टोक रिकामं होतं.

"तू धर गो," काकी म्हणाली. "बघत काय ऱ्हायलीस?"

मी विळा बांधावर ठेवला आणि खांदा लावला. बाया डोली उचलत नाहीत आमच्याकडं, पण त्या वेळी रीत बघायला कुणी मोकळं नव्हतं.

चढापेक्षा उतार वाईट. सगळं वजन पुढच्यांवर येतं, आणि पुढं मी होते. आणि भाऊसाहेबांना बसवेना. आयुष्यात कधी फुकट कुठं बसले नसावेत. वाटेवरची करवंदीची फांदी धरायला गेले, डोली कलली. मला ओझं नको म्हणून धडका पाय खाली टेकवायला गेले, बांबू माझ्या मानेत रुतला. मी थोडा चालतो, थोडा चालतो, असं म्हणत होते. ज्या माणसाला दोन पावलं टाकता येत नव्हती तो. मागून भाऊ ओरडला, "ओ, हालू नका हो, सगली जाऊ खाली."

पुन्हा डोली हलली. मान जळत होती, पाय निसटत होते, पहिले थेंब पडत होते, आणि माझ्या तोंडून दात खाऊन निघालं:

"काही करू नका. बसून राहा."

ते आजोबांचं वाक्य होतं. बोलल्यावर मला ऐकू आलं. पेटीतल्या पिवळ्या कागदावर, तोंड नसलेल्या माणसाच्या खाली छापलेलं. ते वाक्य कुणाला आणि कोणत्या आवाजात म्हणायचं हे मी कधी ठरवलं नव्हतं. भाऊसाहेब थांबले. फांदी सोडली, पाय वर घेतला, हात मांडीत ठेवला. डोली सरळ झाली. त्यानंतर साकवापर्यंत ते हलले नाहीत. माझ्या कानामागं त्यांचा श्वास ऐकू येत होता, आधी धापा टाकल्यासारखा, नंतर संथ.

रिक्षात बसवताना ते काही बोलले नाहीत. आभारसुद्धा मानले नाहीत. भाऊसाहेबांनी आभार मानले नाहीत असं आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडलं असेल.

रिक्षा गेली आणि आम्ही धावत चढ चढलो. खाचरात सगळे भारे बांधत होते. आईच्या तुकड्यावर काकीनं ठेवलेली मूठ तेवढी पावसात पडून होती. अण्णांनी भारा उचलता उचलता माझ्याकडं पाहिलं. माझ्या मानेवर बांबूचा लाल वळ उठला होता.

"माफ केलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "उतरवलं फक्त."

"उतरवलंस ना," अण्णा म्हणाले. "मग आता भारा धर."